रात्रपाळीचा ळ

एप्रनच्या डाव्या खिशात थर्मामीटर असतो,
उजव्यात ग्लुकोमीटर, सुट्या पट्ट्या, बिस्किटांचा अर्धा पुडा.
म्हणून वाशीला, सेक्टर सतरातल्या
जुन्या यंत्रांच्या त्या गाळ्यात शिरले
तेव्हा एप्रन सोबतच नेला होता.
लालवाणींनी काउंटरवर तीन छोटे कॉम्प्युटर मांडले.
मी आधी खिशात घालून पाहिले, मग किंमत विचारली.
ते म्हणाले, ताई, तुम्ही शिंप्याकडे आलात का?

पहिला रुंद. बसला, पण वाकलं की बरगडीत टोचणार,
आणि मला रात्रभर वाकावंच लागतं.
दुसरा देखणा, मिटला की चष्म्याच्या डबीएवढा;
कळा मात्र अशा वाजत
की कुणी परातीत राजमा ओततंय.
तिसरा राखाडी, रबरी, मुका.
उजेड इतका मंद
की माझ्या हनुवटीपर्यंतच यायचा.
"ह्याला गिऱ्हाईक नाही," लालवाणी म्हणाले,
"दाबलं की नाही तेच कळत नाही लोकांना."
मी म्हटलं, हाच.

मोबाईल का नाही, तेही त्यांनी विचारलं.
मोबाईलमध्ये एजन्सी राहते.
रात्री दोनला विचारते, उद्या डबल ड्युटी चालेल का?
मी 'सलाइन' लिहिलं की तो 'सलोनी' करतो,
आणि त्याचा उजेड छताला जाऊन लागतो.

माझे पेशंट घणसोली गावातले जोमा मढवी.
आधी मिठागर, मग कारखान्यात बॉयलरवर एकतीस वर्षं.
मोतीबिंदू पिकलेला; उजेड तेवढा कळतो,
आणि कळला की उजाडलं म्हणून चहा मागतात.

इतके दिवस मी बीपीच्या तक्त्याच्या पाठीवर लिहायचे,
बॉलपेननं, मांडीवर पॅड घेऊन.
सकाळी त्यांचा मुलगा तक्ता फाईलला लावायचा
आणि माझी अर्धी गोष्ट डॉक्टरांकडे जायची.
एकदा त्यांनी खाली सही केली होती.

पहिल्या रात्री अकराला इंजेक्शन दिलं,
कूस बदलली, पाठीला पावडर लावली,
आणि खुर्चीत बसून लिहू लागले.
काहीच आवाज नाही.
ओळ आली, ओळ गेली.
एवढं सलग मी कधीच लिहिलं नव्हतं.

बाराला बाबा जागे.
साडेबाराला जागे.
एकला पाणी मागितलं, प्यायले नाहीत.
दोनला गादीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले,
"हाय का गेली गो तू?"
आहे ना बाबा, इथंच.
"मंग आज ती खरखर नाय?"

एकतीस वर्षं बॉयलरशेजारी डुलक्या काढलेला माणूस.
आवाज थांबला की उठायचं,
एवढंच अंगात उरलेलं.

मी पेन शोधलं. तक्त्याच्या पाठीवर
नुसत्या रेघा ओढत बसले, चार वाजेपर्यंत.
त्यांचं तोंड उघडं पडलं, घोरणं लागलं.
कॉम्प्युटर मांडीवर, अर्ध्या वाक्यावर, उघडाच.

ड्युटी संपल्यावर थेट वाशी.
शटरसमोर पावणेदोन तास.
वापरलेला परत घेत नाही, लालवाणी म्हणाले.
मग दोन-चार कळा दाबून पाहिल्या,
वापरलाय हे तरी कसं कळणार, म्हणाले,
वरून चारशे घेतले
आणि राजमा काढून दिला.

देवनागरीचे स्टिकर चिकटवलेत त्याला,
'ळ'चा कोपरा उचकटलेला.
खिसा फुगतो. बिस्किटं डावीकडे गेली.
आणि एक त्रास आहेच:
मी विचार करायला थांबले
की पलंगावरून खोकला येतो.
म्हणून शब्द सुचत नसला तरी
ळ ळ ळ ळ ळ लिहीत राहते,
सकाळी पुसते.
काही ओळींत एखादा राहून जातो.